फोडलेल्या अंड्यातला लाल ठिपका

गावठी अंडं वाटीत फोडलं आणि बलकावर रक्ताचा लाल ठिपका दिसला, की बहुतेक घरांत ते अंडं सरळ टाकून दिलं जातं. ‘यात पिल्लू धरलं होतं’ असं घरातलं कुणीतरी ठामपणे सांगतं आणि त्या दिवशी इतरांचंही खाण्यावरून मन उडतं. प्रत्यक्षात त्या ठिपक्याचा पिल्लाशी काहीही संबंध नसतो. खुराड्यात कोंबडा नसला तरी तो पडू शकतो.

तो कुठून येतो हे कळण्यासाठी कोंबडीच्या पोटात अंडं कसं तयार होतं ते पाहायला हवं. कोंबडीचं सहसा डावं अंडाशयच कामाचं असतं. तिथे लहानमोठे बलक रक्तवाहिन्यांच्या जाळीने वेढलेल्या पातळ पिशव्यांमध्ये वाढत असतात. प्रत्येक पिशवीवर एक फिकट पट्टा असतो आणि त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. बलक पिकला की पिशवी त्या पट्ट्यावरच उकलते. कधी ती जरा बाजूला फाटते, एखादी बारीक वाहिनी तुटते आणि रक्ताचा थेंब बलकाला चिकटून पुढे जातो. पुढे अंडवाहिनीत सुमारे तीन तास बलकाभोवती पांढरं चढतं, तासाभराहून थोडा अधिक वेळ आतली पापुद्र्यासारखी आवरणं बनण्यात जातो आणि कवच चढायला तब्बल वीस तास लागतात. सगळा प्रवास 24 ते 26 तासांचा. थेंब या साऱ्यात बलकासोबतच राहतो.

असं अंडं खायला हरकत नसते. ठिपका नकोसा वाटला तर सुरीच्या टोकाने काढून टाकावा. शिवाय अंडं जुनं होऊ लागलं की पांढऱ्यातलं पाणी बलकात झिरपतं आणि ठिपका फिका पडतो, म्हणजे लालबुंद ठिपका हे बहुधा ताजेपणाचंच लक्षण. पॅकबंद अंडी प्रखर दिव्यासमोर धरून तपासली जातात आणि अशी अंडी बाजूला काढली जातात, त्यामुळे शहरातल्या ग्राहकाला ती फारशी दिसत नाहीत. परसातल्या अंड्याची अशी चाळणी होत नाही, एवढाच फरक. मात्र एकाच कोंबडीच्या अंड्यांत ठिपके सारखे दिसू लागले, तर तिच्या खाण्यात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडत नाही ना, हे पाहावं. हिरवा पाला आणि पिवळा मका हे त्यावरचे साधे उपाय. काही कोंबड्यांत ही खोड वंशातूनच आलेली असते.

तपकिरी, मांसाच्या कणासारखा दिसणारा ठिपका हा अंडवाहिनीच्या अस्तराचा सुटलेला तुकडा असतो किंवा रंग बदललेलं जुनं रक्त. तपकिरी कवचाच्या अंड्यांत तो जास्त आढळतो. बलकाच्या दोन्ही बाजूंना पिळलेल्या दोऱ्यासारखे पांढरे तंतू असतात. पुष्कळांना तीही पिल्लाची सुरुवात वाटते, पण त्यांचं काम बलकाला मध्यभागी धरून ठेवण्याचं. ते जितके ठसठशीत, तितकं अंडं ताजं. अंडं फलित आहे की नाही हे सांगणारी खूण निराळीच असते: बलकावरचा तीन-चार मिलिमीटरचा फिका डाग. तो प्रत्येक अंड्यात असतो. कोंबड्याशी संबंध न आलेल्या अंड्यात तो एकसंध पांढुरका दिसतो, तर फलित अंड्यात त्याभोवती रेखीव कडं दिसतं. अंडं उबवलं गेलं नसेल तर त्या कड्यापलीकडे काही घडत नाही.

तलंगा नुकत्याच अंड्यावर येतात तेव्हा त्यांच्या शरीराचं वेळापत्रक बसलेलं नसतं. दोन बलक पाठोपाठ सुटतात आणि जुळ्या बलकाचं मोठं अंडं मिळतं. कधी बलक नसलेलं, नुसत्या पांढऱ्याचं इवलंसं अंडंही पडतं. युरोपात एके काळी अशी छोटी अंडी कोंबडाच घालतो अशी समजूत होती. त्यातून सर्पासारखा विषारी प्राणी जन्मतो ही भीती इतकी खोल होती, की 1474 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळण्यात आलं.

क्वचित पूर्ण तयार झालेलं अंडं अंडवाहिनीत उलटं मागे ढकललं जातं, मागून येणाऱ्या बलकाला भेटतं आणि दोघांवर मिळून नवं कवच चढतं. फोडल्यावर आत आणखी एक सबंध अंडं निघतं.

रंगाच्या बाबतीत मात्र सावध राहिलेलं बरं. पांढऱ्यात हलकी पिवळसर-हिरवट झाक असेल आणि वास नसेल, तर ती रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची असते. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं धूसर दिसतं, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड अजून कवचातून बाहेर पडलेला नसतो. पण पांढरं गुलाबी, गडद हिरवं किंवा काळपट झालं असेल, तर जिवाणूंनी ते नासवलं आहे असं धरून अंडं फेकून द्यावं. गुलाबी रंगाचं आणखी एक कारण कापूस पिकवणाऱ्या विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या घरांनी लक्षात ठेवावं. दुभत्या जनावरांपुढे सरकीची पेंड असते आणि गव्हाणीखाली सांडलेली पेंड कोंबड्या टिपतात. सरकीतल्या काही स्निग्धाम्लांमुळे साठवलेल्या अंड्याचं पांढरं गुलाबी होतं, तर त्यातल्या गॉसिपॉलमुळे बलक हिरवट-तपकिरी पडतो. कारण पेंड की जिवाणू हे स्वयंपाकघरात ओळखता येत नाही. म्हणून असं अंडं खाऊ नये आणि कोंबड्यांना गव्हाणीपासून दूर ठेवावं.

फार क्वचित अंड्यात पांढरा, दोऱ्यासारखा लांब जंत सापडतो. आतड्यातला गोलकृमी मलमार्गातून अंडवाहिनीत शिरतो आणि पांढऱ्यासोबत कवचात बंद होतो. असं दिसलं, तर सगळ्याच कोंबड्यांना जंतनाशक द्यायची वेळ झाली आहे असं समजावं. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे देतानाच पशुवैद्यकाला विचारून घ्यावं.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र अंड्यासारखी दिसली तरी अंडं नसतेच. खुराड्यात कधी रबरासारखा, पिवळट, ओबडधोबड गोळा पडलेला असतो. सुरीने कापला तर आत कांद्यासारखे एकावर एक पदर दिसतात. तो घट्ट झालेला पू असतो. अंडवाहिनीला जंतुसंसर्ग होऊन, पुष्कळदा ई. कोलाय जिवाणूंमुळे, दाह झाला की पुवाभोवती अंड्याचेच घटक थराथराने साचत जातात. कोंबडी तोवर खात-पीत, हिंडत असू शकते, म्हणून मालकाला शंका येत नाही. तिला लगेच वेगळं ठेवावं, तिची अंडी वापरू नयेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना तो गोळा हातमोजे घालून उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत न्यावा. पोट फुगलं आहे का, चालताना ती पाय फाकवते का, शेवटचं चांगलं अंडं कधी घातलं, हेही डॉक्टरांना सांगावं. उपचार लवकर सुरू झाला तर ती वाचण्याची शक्यता वाढते.