नोकरी लागली... पण पहिल्या पगारापर्यंत काय?



प्लेसमेंटचा सीझन आला की आपल्या होस्टेलवर एकच प्रश्न ऐकू येतो, "पॅकेज किती?" बाँड आहे का, लोकेशन कुठलं, नाईट शिफ्ट असते का, हेही विचारून होतं. पण "जॉइन व्हायला पैसे आहेत का?" असं कुणी कुणाला विचारलेलं मी चार वर्षांत ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नसतं. पण सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या घरात जे झालं, त्यानंतर हा विषय डोक्यातून जाईना.

माझं गाव शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. बाहेरचे लोक आमचं गाव मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे ओळखतात. गावातली वर्षं मात्र हळदीच्या आणि सोयाबीनच्या भावावर मोजली जातात. माझा चुलत भाऊ, म्हणजे आमचा दादा, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत अडीच वर्षं कामाला होता. पगार १७,००० रुपये. जून २०२४ मध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं गेलं नाही आणि दादा बॅग घेऊन गावी आला. तीन महिने अर्ज, फोन, इंटरव्ह्यू यात गेले. सप्टेंबरमध्ये तिकडच्याच दुसऱ्या एका कंपनीचं जॉइनिंग लेटर आलं. पगार १९,०००. घरात पेढे आले, देवापुढे नारळ फुटला. आणि रात्री जेवताना मोठ्या आईने हळूच विचारलं, "जायला किती लागतील रे?"

दादाने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. ट्रॅव्हल्सचं तिकीट ९००. चौघांत मिळून घेतलेल्या खोलीच्या डिपॉझिटचा वाटा ६,०००. पहिल्या महिन्याचं भाडं २,५००. मेसचा ॲडव्हान्स ३,०००. मेडिकल सर्टिफिकेट, फोटो, झेरॉक्स ८००. बूट आणि कपडे १,२००. रोजचं जाणं-येणं ४० रुपयांनी ४५ दिवसांचं १,८००. दुसऱ्या महिन्याचं भाडं २,५०० आणि मेसचे आणखी १,५००. एकूण २०,२०० रुपये.

तुम्ही म्हणाल, ४५ दिवस का? कारण कंपनीची हजेरी २० तारखेला बंद व्हायची आणि दादा जॉइन झाला २३ सप्टेंबरला. त्यामुळे सप्टेंबरचे आठ दिवस ऑक्टोबरच्या पगारात धरले गेले आणि तो पगार हातात आला ७ नोव्हेंबरला. सप्टेंबर हा आमच्याकडे सगळ्यात कोरडा महिना. हळदीचे पैसे खत-बियाण्यात गेलेले असतात आणि सोयाबीन निघायला अजून अवकाश असतो. घरातून ५,२०० जमले. बाकीचे १५,००० गावातच शेकडा पाचने घेतले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला ७५० रुपये व्याज, वर्षाचे ६० टक्के! नोकरी लागलेला माणूस नोकरी लागल्यामुळेच कर्जात गेला, हे गणित मला काही केल्या पचेना. म्हणून मी शोधायला बसलो, की आपल्याकडे अशा वेळी मदत मिळते तरी कुठे.

आजीचा प्रश्न

हे सगळं ऐकून आजी म्हणाली, "कामाला जायाला पैसे कशाला लागतेत? आमच्या टायमाला काम गावाजवळच यायचं." आजीने बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडली आहे. तिचा प्रश्न भाबडा वाटतो, पण तोच या विषयाचा पाया आहे.

रोजगार हमीची कल्पना आपल्या महाराष्ट्राची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि ठरल्या मुदतीत काम देता आलं नाही तर बेरोजगार भत्ता, असं त्याचं सूत्र होतं. आपल्या पहिल्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतील, तेव्हा शिव्या देऊ नका. हा कर १९७५ मध्ये सुरू झाला तो याच योजनेला पैसा उभा करायला.

पुढे २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. त्यात अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि नंतर किमान निम्मा भत्ता, अशी तरतूद होती. (डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला.) पण त्या २००५ च्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली ओळ वेगळीच आहे. काम गावापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे दिलं, तर प्रवास आणि राहण्याच्या खर्चापोटी मजुरी १० टक्के जास्त द्यायची!

म्हणजे कामापर्यंत पोचायलाही पैसे लागतात, हे कुदळ-फावड्याच्या कामाबाबत कायद्याने मान्य केलं. चारशेहून जास्त किलोमीटर लांब चाकणला जाणाऱ्या डिप्लोमावाल्यासाठी मात्र अशी ओळ कुठेच सापडली नाही.

दादाला काय मिळू शकलं असतं?

पहिली गोष्ट ईएसआय. पगारातून ईएसआय कापला जातो तो फक्त दवाखान्यासाठी, असं आपल्याला वाटतं. पण १ जुलै २०१८ पासून त्यात 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आली. सुरुवातीला रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के भत्ता होता, तो २०२० मध्ये ५० टक्के केला गेला. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. त्यासाठी किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी आणि ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. गैरवर्तनामुळे काढलं असेल तर भत्ता मिळत नाही. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी थेट अर्ज करता येतो आणि पैसे खात्यात येतात. दादाच्या १७,००० पगाराचा हिशोब केला तर तीन महिन्यांचे साधारण २५,५०० होतात. म्हणजे चाकणचा सगळा खर्च निघून वर पाच हजार उरले असते! दादाला ही योजना माहीतच नव्हती. मलाही नव्हती. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा गरज पडेल त्या दिवशी ती चालू आहे का हे आधी पाहून घ्यावं.

दुसरी गोष्ट पीएफ. डिसेंबर २०१८ च्या बदलानंतर नोकरी सुटून एक महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले पैसे काढता येऊ लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि बाकीचे २५ टक्के १२ महिन्यांनी, असा निर्णय घेतला. दादाने अर्ज केला होता. पण जुन्या कंपनीत त्याची माहिती भरतानाच वडिलांचं नाव चुकवलेलं, त्यामुळे अर्ज परत आला आणि दुरुस्ती होईपर्यंत दिवाळी उलटून गेली. आणि एक सांगतो, पीएफ म्हणजे मदत नव्हे, आपलेच म्हातारपणाचे पैसे. पाच वर्षांच्या आत काढले तर त्यावर कर लागू शकतो. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, ती मोजणीही पैसे काढून घेतले की तुटते. म्हणून जमेल तेव्हा जुनं खातं त्याच यूएएनवर नव्या कंपनीत ट्रान्सफर करावं.

तिसरी गोष्ट दादाच्या वेळी लागू नव्हती, पण तुमच्या-माझ्या वेळी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "फुल अँड फायनल दोन महिन्यांनी होईल" असं कुणी म्हटलं तर हे लक्षात ठेवा. मासिक पगारही पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत हवा. औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे, त्यातून १५ दिवसांचं वेतन ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवं. पण ठरलेल्या मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट संपणं याला कपात म्हणत नाहीत. तेव्हा सही करताना आपलं लेटर नेमकं कसलं आहे ते वाचा!

आपल्यासारख्या फ्रेशर्ससाठी

'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना' १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागणाऱ्या नोकऱ्यांसाठी आहे. पहिल्यांदाच ईपीएफओमध्ये नाव लागलं आणि पगार महिन्याला एक लाखापर्यंत असेल, तर एका महिन्याचं वेतन, जास्तीत जास्त १५,००० रुपये मिळतात. ऐकायला झकास! पण पहिला हप्ता सहा महिन्यांनी आणि दुसरा बारा महिन्यांनी, तोही आर्थिक साक्षरतेचा छोटा कोर्स केल्यावर. डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी द्यायचं असतं. याला आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात.

'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' राज्याने २०२४ मध्ये आणली. त्यात बारावी पासला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या प्रायोगिक टप्प्यात महिन्याला ५,००० आणि रुजू झाल्यावर एकरकमी ६,००० रुपये ठेवले होते. रुजू होतानाचा खर्च ओळखणारी मला सापडलेली ही एकच. पण ती इंटर्नशिपसाठी, नोकरीसाठी नाही.

बाहेर काय करतात?

जपानमध्ये बेरोजगार विम्याचे तुमचे एक तृतीयांश किंवा जास्त दिवस शिल्लक असताना नोकरी लागली, तर उरलेल्या रकमेचे ६० टक्के एकदम देतात. दोन तृतीयांश शिल्लक असतील तर ७० टक्के. म्हणजे लवकर नोकरी धरणाऱ्याचा तोटा होत नाही, उलट हातात भांडवल येतं. ब्रिटनमध्ये बराच काळ बेकार राहिलेल्याला नोकरी लागली की घरभाड्याची मदत आणखी चार आठवडे चालू ठेवायची पद्धत आली. २००४ ते २०१३ या काळात तिथे कामावर रुजू होताना 'जॉब ग्रँट'ही मिळे, एकट्या माणसाला १०० पौंड आणि मुलंबाळं असतील तर २५० पौंड. आपल्या अटल योजनेत मात्र ४० व्या दिवशी नोकरी लागली की भत्ता तिथेच थांबतो.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हा 'स्टार्टिंग टॉर्क'चा प्रॉब्लेम आहे. आमच्या शेतातली सिंगल फेज मोटार कपॅसिटर गेला की नुसती घूं घूं करते, फिरत नाही. मोटार चांगली, वीजही आहे, पण पहिला धक्का द्यायला कुणी नाही. एकदा फिरली की तिला त्या स्टार्टिंग कपॅसिटरची गरज उरत नाही. दादाला आयुष्यभर भत्ता नको होता. त्याला ४५ दिवस पुरतील एवढे २०,००० हवे होते, आणि तेही परत करायच्या बोलीवर.

मग आपण काय करायचं?

आपल्या हातातलं आधी सांगतो. आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि बँक खात्यावरचं नाव आजच जुळवून घ्या. एका स्पेलिंगपायी दादाची दिवाळी गेली. यूएएन एकच ठेवा. ऑफर आल्यावर एचआरला न लाजता विचारा की हजेरीची कट-ऑफ तारीख कोणती आणि पहिला पगार कधी. जमलं तर महिन्याच्या सुरुवातीची जॉइनिंग मागून घ्या. नोकरी सुटली तर ईएसआयचा नंबर फेकून देऊ नका.

आणि आता एक प्रस्ताव. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी २०० जणांनी प्रत्येकी १,००० रुपये दिले तर दोन लाख होतात. त्यातून दरवर्षी २० मुलामुलींना जॉइन होताना १०,००० रुपये बिनव्याजी देता येतील, पहिल्या पगारापासून चार हप्त्यांत परतफेड. तेच पैसे पुढच्या बॅचला. एखादा बुडवेल, हे मलाही कळतं. पण वीसातला एक बुडाला तरी १९ जण शेकडा पाचपासून वाचतील. हा कागद मी ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या सरांकडे दिला आहे. त्यांनी "लिहून आण, बघू" म्हटलं होतं, ते लिहून झालं.

दादाचं कर्ज मार्चमध्ये फिटलं. परवा फोनवर मी त्याला हा प्रस्ताव वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मी तुमच्या कॉलेजचा नाही, पण माझे हजार धर." म्हणजे आता १९९ राहिले. यादीत पुढचं नाव कुणाचं?