भिंतीला विचारून फळी लावावी

आमचं मुलुंड पूर्वेचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मावत नाहीत इतकी पुस्तकं. आतल्या खोलीत काँक्रीटचा एक खांब भिंतीच्या पुढे आलेला आहे. तो आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये साडेतीन फूट रुंद, नऊ इंच खोल अशी खाच तयार झाली आहे. उपनगरांतल्या कितीतरी फ्लॅटांत अशी खाच असते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत दिव्यासाठी कोनाडा मुद्दाम ठेवत. आपल्याला तो खांबामुळे आयता मिळतो, आणि बहुधा त्यात इस्त्रीचं टेबल आणि छत्र्या उभ्या राहतात.

त्या खाचेत मी हौसेनं एक तयार तरंगती फळी लावून घेतली. तरंगती म्हणजे खाली ब्रॅकेट दिसत नाही अशी. आतल्या दोन सळया भिंतीत जातात. दिसायला छान! एका जुलै महिन्यात, रात्री दोनच्या सुमाराला, ती पुस्तकांसकट खाली आली. खाली मुलाची गादी होती. मुलगा नेमका पाणी प्यायला उठला होता, म्हणून आज हे शांतपणे सांगता येतंय.

सकाळी पसारा उचलताना गिट्टी हातात आली. स्क्रूभोवती पांढरट गिलावा चिकटलेला होता, विटेचा लाल कण एकही नव्हता. सगळं त्यातच कळलं. फळी भिंतीला लावलेलीच नव्हती, ती नुसती गिलाव्याला लटकत होती.

आमच्या सुतारकाकांनी मग मला हिशोब समजावला. फूटभर पुस्तकांचं वजन ८ ते १० किलो धरा. साडेतीन फुटांची फळी भरली की झाले तीसेक किलो. पण हे ओझं भिंतीपासून चार-साडेचार इंच पुढे असतं, आणि त्याला मागे धरून ठेवणारा आधार फळीच्या जाडीइतकाच, म्हणजे इंच-सव्वा इंच उंचीचा. तरफेच्या नियमानं वरच्या बाजूला ओढ पडते जवळजवळ चौपट, म्हणजे शंभर किलोंच्या वर. कुणी पुढच्या कडेवर हात टेकून उठलं, तर त्या जोराची सातपट ओढ. काका म्हणाले, "ताई, तीन बाजूंनी भिंती असताना फळीला एका बाजूनं लटकवायचं कशाला?"

कोनाड्यातल्या फळीची सगळी गंमत या प्रश्नात आहे. तिला खरोखर तरंगायची गरजच नाही. मागे आणि दोन्ही बाजूंना लाकडी रिपा ठोकायच्या, फळी त्यांच्यावर बसवायची, आणि पुढून दोन इंची सागाची पट्टी लावून रिपा झाकायच्या. बघणाऱ्याला फळी तरंगतेच, पण ओझं तीन बाजूंना वाटलं जातं आणि उपटणारी ओढ जवळपास उरत नाही.

रिपा बसवण्याआधी भिंत ओळखावी. बोटांनी टकटक करा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे, आधी तो दुरुस्त करा. ड्रिलमधून लाल भुकटी पडली तर वीट, करडी पडली आणि ड्रिल अडू लागलं तर काँक्रीट. नव्या इमारतींत हलके फिकट ब्लॉक असतात. त्यांत साधी गिट्टी गरगर फिरते, त्यांच्यासाठी वेगळी गिट्टी मागून घ्यावी. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, तिथून वायरी गेलेल्या असतात. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत नळ कुठून गेलाय ते आधी विचारावं.

विटेच्या भिंतीला स्क्रू तीन इंची घ्या. एक इंच रिपेत, अर्धा इंच गिलाव्यात, आणि उरलेला दीड इंच विटेत. फळीला धरून ठेवतो तो हा शेवटचा दीड इंच. दर आठ-नऊ इंचांवर एक स्क्रू पुरे. खांबाच्या बाजूला अडीच इंची दोन स्क्रू खूप झाले. काँक्रीट घट्ट धरतं. ड्रिल लोखंडाला अडलं तर जोर लावू नका, जागा बदला.

मापात मात्र फसू नका. आपल्या भिंती गुण्यात नसतात. आमच्या खाचेत पुढचं आणि मागचं माप पाऊण इंचानं वेगळं निघालं. म्हणून प्रत्येक फळीसाठी पुठ्ठ्याचा खाका कापावा आणि त्यावरून प्लाय कापावं. रिपा पाणसळ लावूनच ठोकाव्यात, डोळ्यांवर विसंबू नये. प्लाय १९ मिलिमीटरचं, पाण्याला टिकणारं घ्या. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, तेव्हा फळीची मागची कडही रंगवून घ्या. आणि लांबीचा मोह आवरा: तेवढ्याच भाराला लांबी दुप्पट झाली की बाक दुप्पट नव्हे, आठपट वाढतो. फळी चार फुटांच्या पुढे जात असेल तर मध्ये उभा आधार द्यावाच.

आमच्या फळ्या पाहून शेजारच्या विंगमधल्या वहिनींनीही काम काढलं. एका दुपारी त्यांचा फोन आला, "जरा येऊन जा. मिस्त्री म्हणतोय, खांब दोन इंच छाटला की टीव्ही बरोबर बसेल." मी चपला घालून तशीच धावले. मिस्त्रीच्या हातात छिन्नी होती.

खांब हे घराचं सामान नाही, तो वरच्या सगळ्या मजल्यांचा पाय आहे. त्याच्या पोटात सळया असतात, आणि त्यांच्यावरचं दीडेक इंच काँक्रीट हे त्यांचं अंगरखं. ते काढलं की खांब कमजोर होतोच, शिवाय हवा आणि ओल सळयांना लागते. सळई गंजली की फुगते आणि उरलेलं काँक्रीट आतून फोडते. बोरिवलीत जुलै २००७ मध्ये लक्ष्मीछाया इमारत कोसळली, पंचवीसहून अधिक माणसं गेली. घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ ला साईसिद्धी कोसळली, १७ जण गेले. दोन्ही वेळा तळमजल्यावर केलेल्या फेरबदलांकडे बोट दाखवलं गेलं. आपण दोन इंच म्हणतो; खालच्या आणि वरच्या घरातलं कुणी तसंच म्हणालं, तर?

वहिनींनी काम थांबवलं. मिस्त्री थोडा कुरकुरला. टीव्ही समोरच्या भिंतीवर गेला आणि खाचेत चार फळ्या बसल्या. सर्वांत खालच्या फळीवर त्यांच्या सासूबाईंनी समई ठेवली आहे. आमच्याकडे मुलाची गादी अजून तिथंच आहे, आणि दर जूनमध्ये पहिल्या पावसाआधी मी प्रत्येक फळी हातानं दाबून बघते.