प्रौढांचं इंग्रजी, लेखांक ९ : 'फेल'ची दुसरी ओळख

खामगाव, नांदुरा, मलकापूर या घाटाखालच्या गावांत चाळिशीतल्या एखाद्या माणसाला 'फेल' म्हणजे काय असं विचारा. उत्तर तयार असतं : दहावीला, इंग्रजीत. हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरला आहे की तो मुळात इंग्रजी आहे हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्या भाषेतला पहिला पक्का ठाऊक झालेला शब्द हा, त्या भाषेच्या वर्गात वीस वर्षांनी पुन्हा येऊन बसायला माणसाला हिंमत लागते. म्हणून त्याच्यापुढे पहिल्या दिवशी काय ठेवायचं याचा विचार फार जपून करावा लागतो.

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं की मोठ्या माणसाला 'ए फॉर ॲपल'चं पुस्तक दिलं तर त्याला अपमान वाटतो. त्याची भाषा कोवळी असली तरी त्याची समज पिकलेली असते. मग वाक्यं सोपी पण आशय मोठ्यांचा, असा मजकूर कुठे मिळेल? जगभरच्या शिक्षकांनी यावर जी उत्तरं शोधली, त्यातलं एक जुनं उत्तर म्हणजे ख्रिस्ती शास्त्र, विशेषतः येशूचे दाखले. वऱ्हाडाला येशूचं नाव परकं नाही. अकोला, खामगाव या पट्ट्यात अलायन्स मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम एकोणिसाव्या शतकापासून आहे.

पेरणाऱ्याचा दाखला घेऊ. एक माणूस पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं टिपून नेतात. काही खडकाळ जागी पडतं. तिथे माती थोडी, म्हणून ते लवकर उगवतं आणि ऊन चढलं की करपतं. काही काट्यांत पडतं. काटे वाढतात आणि रोप गुदमरतं. उरलेलं चांगल्या जमिनीत पडतं आणि पीक देतं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला यातलं काय समजावून सांगायचं? चिखली-मेहकरकडचं मुरमाड बरड रान त्याला माहीत आहे, पूर्णाकाठची काळी कसदार जमीन माहीत आहे. उलट हरकत तोच घेतो : वाटेवर बी टाकतं कोण? आपल्याकडे चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यांतून थेट तासात पडतं. मग सांगायचं, की त्या मुलखात तिफण नव्हती, बी हातानं फोकून पेरत, त्यामुळे थोडं वाटेवर, थोडं धुऱ्यावर जायचंच. इथे खरी गोष्ट अशी घडते, की शिकणारा शेतीबद्दल बोलू लागतो आणि भाषेची भीती घटकाभर विसरतो.

आता शब्द बघा. या छोट्या गोष्टीत 'पडलं' हे क्रियापद चार वेळा येतं आणि इंग्रजीत ते चारही वेळा 'फेल' असतं. 'फॉल'चा भूतकाळ. नापास होण्याचा 'फेल' आणि हा 'फेल' ऐकायला आपल्याला सारखे वाटतात, पण इंग्रजाच्या तोंडी पहिल्याचा स्वर लांबतो, दुसऱ्याचा झटकन तुटतो. दोन्ही चार-पाचदा म्हणून घ्यावेत. मराठीत पडला, पडली, पडलं, पडले, पडल्या असं लिंग-वचन सांभाळत बसावं लागतं. इंग्रजीत बी पडो, माणूस पडो, बाई पडो की पानं पडोत, शब्द एकच. इंग्रजी आपल्यापेक्षा सोपं असतं अशी जागा पहिल्याच दिवशी दाखवता आली तर समोरच्या माणसाची बसण्याची ढब बदलते.

त्याहून मोठं काम दाखल्यातली ठिकाणं करतात. वाटेवर, खडकावर, काट्यांत, जमिनीत. आपण 'वर' आणि 'त' नामाच्या पाठीला चिकटवतो. इंग्रजीत हे छोटे शब्द नामाच्या पुढे चालतात : ऑन, अमंग, इन. मराठी माणूस इंग्रजी बोलताना अडखळतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण नाम तोंडात आल्यावर त्याला 'वर' आठवतो आणि तोवर त्याची जागा मागे गेलेली असते. नियम सांगून हे सुटत नाही. 'फेल ऑन द रॉक', 'फेल अमंग थॉर्न्स' असे शब्दगटच कानात बसावे लागतात. मूळ गोष्टीतच चार वेळा आवर्तन असल्यामुळे ती घोकंपट्टी वाटत नाही.

आणखी एक सोय. हीच गोष्ट मत्तयाच्या तेराव्या, मार्काच्या चौथ्या आणि लूकच्या आठव्या अध्यायात, अशी तीनदा आली आहे, थोड्या थोड्या फरकानं. मार्क पिकाचा हिशेब तीसपट, साठपट, शंभरपट असा चढता सांगतो, मत्तय शंभरापासून उतरता, आणि लूक फक्त शंभरपट सांगून थांबतो. एकच मजकूर तीनदा वाचायचा आणि फरक शोधायचा, यात 'थर्टीन' आणि 'थर्टी'चा घोळही मिटतो. ज्वारीच्या एका कणसात शेकड्यांनी दाणे मोजणारा शेतकरी 'शंभरच?' असं नक्की विचारणार. त्यानं ते इंग्रजीत विचारावं, एवढीच शिक्षकानं अट घालावी.

मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवली की शब्दकोशाची गरजही निम्मी होते. नव्या कराराला वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकानं 1551 मध्ये छापले आणि आज बहुतेक साऱ्या भाषांत तेच चालतात. मार्क, अध्याय चार, वचन पाच म्हटलं की मराठीत आणि इंग्रजीत बोट एकाच वाक्यावर पडतं. दोन भाषांत अशी ओळीला ओळ जुळणारी पुस्तकं सामान्य माणसाच्या हाती फारशी येत नाहीत.

हे सगळं घडलेलं एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे : पंडिता रमाबाई. 1858 मध्ये जन्मलेली ही बाई संस्कृतात पारंगत होती, पण 1882 च्या वसंतात विधवा होऊन कडेवरच्या मुलीसह पुण्याला आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे तिनं साक्ष दिली ती मराठीत. पुण्यात मिस हरफर्ड या मिशनरी बाईंकडे ती इंग्रजी शिकू लागली आणि त्याच ओघात नवा करार वाचू लागली. पण गोष्ट तिला नवी नव्हती. आसामात, सिलचरच्या घरी, नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं होतं. आशय आधी बंगालीतून आला, भाषा मागून. मला या क्रमात फार मोठं शैक्षणिक तथ्य दिसतं. चोविसाव्या वर्षी सुरुवात केलेल्या या बाईनं 1887 मध्ये अमेरिकेत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केलं. पाच वर्षं! अर्थात सगळ्यांना रमाबाईंची बुद्धी नसते, आणि मधल्या काळात ती इंग्लंडात वाँटेजच्या मठात आणि चेल्टनमच्या महाविद्यालयात राहिली होती. तरी क्रम तोच राहतो.

वऱ्हाडाशीही तिचा एक धागा आहे. अकोल्याच्या मिशनमधल्या जेनी फुलर यांचं हिंदुस्थानी स्त्रियांच्या दुःखांवरचं इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये निघालं, त्याची प्रस्तावना रमाबाईंची आहे.

आता अडचणी. पहिली भाषेची. स्वस्तात किंवा फुकट मिळणारी इंग्रजी प्रत बहुधा 1611 च्या भाषांतराची असते. तिच्यात 'दाऊ', 'दी', 'सेथ' असे शब्द आहेत. ते गोड आहेत, पण बँकेत किंवा मुलाच्या शाळेत बोलले तर कुणाला कळणार नाहीत. नवशिक्यापुढे ती प्रत ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा सोप्या इंग्रजीतलं बायबल घ्यावं. एस. एच. हुक यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं ते संपूर्ण भाषांतर 1949 मध्ये आलं. सोप्या इंग्रजीसाठी ऑग्डेन यांनी केलेल्या 850 शब्दांच्या मूळ यादीत दीडशे शब्द घालून, हजार शब्दांत सारं बसवलेलं. दुसरी अडचण शब्दसंग्रहाची. शास्त्रात मेंढरं, द्राक्षमळा, दिवा, भाकर मिळेल. तिकीट, फॉर्म, ओटीपी मिळणार नाही. म्हणून आठवड्यातला एक तास दाखल्याला आणि बाकीचे तास बाजार-दवाखान्याला, असं ठेवावं.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक, आणि ती लपवू नये. हा धर्मग्रंथ आहे. रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदन या शाळेतल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते वर्ग सुरू होण्याआधीच सांगून टाकावं : मजकूर कुठला आहे, तो का निवडला, आणि ज्याला नको त्याच्यासाठी पंचतंत्रातल्या किंवा इसापच्या गोष्टी सोप्या इंग्रजीत तयार आहेत. प्रौढ माणूस आपला निर्णय आपण घेऊ शकतो, पण त्याला आधी पूर्ण कळलेलं हवं. भाषा शिकवतो म्हणून बोलावून विश्वास शिकवणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

आणि शिकणारा आपण समजतो तितका मऊही नसतो. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तिचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ती त्रैक्याच्या सिद्धान्तावर, धर्मगुरूंच्या अधिकारावर, आपल्या विवेकाच्या हक्कावर पानंच्या पानं वाद घालते. ज्यांनी तिला आपल्या छपराखाली घेतलं, त्यांच्याशीच, त्यांच्याच भाषेत. इंग्रजी आलं याची याहून चांगली खूण कुठली असणार?

पुढे तिनं उलट दिशेनं काम केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिनं केडगावच्या मुक्ती सदनात संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवलं, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं म्हणून. आश्रमातल्या बायका-मुलींनी खिळे जुळवले, पानं छापली. 5 एप्रिल 1922 ला ती गेली तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं.

या आठवड्याचा सराव : आपल्या स्वतःच्या शेताची, किंवा शेत नसेल तर अंगणाची, चार वाक्यं इंग्रजीत लिहा. बी कुठे कुठे पडलं? प्रत्येक वाक्यात 'फेल' हवा. 'धुरा'ला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, 'धुरा'च लिहा, आणि त्याच्या आधी 'ऑन' लिहायला विसरू नका.