माशांच्या टाकीचे पाणी आणि आपला हायपो

डहाणू-तलासरी भागात काही दुकानदार भाई गल्ल्याजवळ काचेची टाकी ठेवतात, तीही खऱ्या वनस्पती लावलेली. गिऱ्हाईक दोन मिनिटे जास्त बसते. पण पाणी बदलले की संध्याकाळपर्यंत मासे मरतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते.

माझेही तेच झाले. पावसाळ्यात एके सकाळी सगळे पाणी उपसून नळाचे ताजे भरले आणि आठ मासे गेले. कसूर माझाच. साथीच्या दिवसांत पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, जास्त पडते. माणसाला ते पाणी चांगले, पण त्यातले क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि टाकीतली घाण पचवणारे जीवाणूही मारते. म्हणून फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यात धुवावा.

आपल्या कापडधंद्याला ही गोष्ट नवी नाही. ब्लीच केलेल्या कापडात क्लोरीन राहिले तर सूत कमजोर होते, म्हणून ते हायपोच्या पाण्यातून काढतात. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटोवाले वापरत तेच खडे. टाकीलाही तेच चालतात.

10 ग्रॅम खडे 1 लिटर पाण्यात विरघळवावेत. नळाच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन धरले, तर 20 लिटरच्या बादलीला या द्रावणाचे 15 मिलिलिटर पुरते. ढवळून पाच-दहा मिनिटे थांबावे. ग्रामपंचायतीत वापरतात ती ओटी टेस्ट मिळाली तर उत्तम : पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. टेस्टचे पाणी मात्र टाकीत ओतू नये. घाई नसेल तर साधे क्लोरीन पसरट टबात, उघड्यावर, एका दिवसात बहुतेक उडून जाते.

पण हायपो म्हणजे सर्व रोगांवर दवा नव्हे. किनाऱ्याकडे काही बोअरचे पाणी मचूळ असते. तो खारटपणा हायपोने जात नाही आणि बऱ्याच वनस्पती त्यात टिकत नाहीत. तिथे छपरावरचे स्वच्छ पावसाचे पाणी मिसळावे, पहिल्या सरीचे सोडून. नुसते आरओचे पाणीही वापरू नये, त्यात वनस्पतींना लागणारे क्षार उरत नाहीत.

आता मी आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलतो. काढलेले पाणी तुळशी-मोगऱ्याच्या कुंड्यांना घालतो.