खारा वारा आणि लोखंडाचें कवच

रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतच्या घरांतील खिडक्यांचे गज रंगविल्यावर थोड्याच पावसाळ्यांत तांबूस दिसूं लागतात. तेच गज घाटावरच्या कोरड्या हवेंत पुष्कळ वर्षें टिकतात. हा दोष लोखंडाचा नव्हे, हवेचा होय. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येऊन धातूवर बसतात. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या पुढें गेली कीं हें मीठ ओलावा ओढून घेतें आणि लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. उघड्यावरील मीठ पावसानें धुवून तरी जातें. पाऊस न लागणाऱ्या आडोशाच्या जागीं तें सांचून राहतें. म्हणून अशा जागा अनेकदां आधीं गंजतात.

अशा हवेंत यंत्राच्या भागांस कोणतें आवरण द्यावें, हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. मिरकरवाडा बंदरांतून मासेमारीस निघालेल्या होडीच्या यंत्राचा एखादा बोल्ट भर समुद्रांत गंजून तुटला, तर होडीवरील माणसांच्या जिवावर बेततें.

धातूच्या आवरणाचे मुख्य प्रकार दोन. त्यांतील भेद घरच्याच दोन वस्तूंवरून ध्यानांत येतो. तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो, तर पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा. डब्यावर खोल ओरखडा पडला कीं तेथें गंज झपाट्यानें धरतो. बादलीवर पडला तरी लोखंड बराच काळ शाबूत राहतें. ओलाव्यांत दोन धातू परस्परांस लागून असले, तर त्यांपैकीं अधिक क्रियाशील धातू आधीं झिजतो. कथील लोखंडाहून कमी क्रियाशील, म्हणून तेथें लोखंड बळी पडतें. जस्त अधिक क्रियाशील, म्हणून तें स्वतः झिजून लोखंडास वांचवितें.

हें तत्त्व सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांच्या रक्षणासाठीं योजिलें. पुढें १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यांनीं वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आजहि पोलादी नौकांच्या पाण्याखालील भागास जस्ताचे ठोकळे लावतात व ते झिजले कीं बदलतात.

तथापि एकच उपाय सर्वत्र चालत नाहीं. खांब, कठडे, तुळया हे सुमारे ४५० अंश सेंटिग्रेड तापलेल्या जस्तांत बुडविणें उत्तम. जाड पोलादावर सुमारे ८५ मायक्रॉनचा थर बसतो. परंतु बारीक आट्यांच्या स्क्रूवर इतका थर बसल्यास नट फिरत नाहीं. तेथें विजेच्या साहाय्यानें दिलेला पातळ मुलामा सोयीचा. मात्र खाऱ्या हवेंत तो लवकर संपतो, म्हणून त्यास रंगाची किंवा ग्रीसची जोड द्यावी लागते. अतिकठीण पोलादाच्या स्प्रिंगांस असा मुलामा देतांना उत्पन्न होणारा हायड्रोजन पोलादांत शिरून त्यास ठिसूळ करतो. म्हणून मुलाम्यानंतर त्या लगेच भट्टींत तापवाव्या लागतात. रंगाचेंहि तसेंच. खालचा गंज व मीठ पुरतें न काढतां वर रंग चढविला, तर गंज आंतल्या आंत वाढत राहतो.

तेव्हां आवरण निवडण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: वस्तु कोठल्या हवेंत राहणार, ओरखडा पडल्यास पुढें काय होणार, आणि तिची देखभाल कोण करणार. दुकानांत दोन्ही बोल्ट सारखेच चकाकतात; त्यांतील अंतर रत्नागिरीचे दोन पावसाळे दाखवून देतात.