धूळ पुसायची नसते, धुवायची असते

गाडी कशी धुवावी हे सांगायला रेडिओवर एका कवीने कशाला यावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. बादली, फडके आणि पाणी एवढ्यावर हा विषय संपतो, असे आपण सारे मानत आलो आहोत. पण माझ्या भाच्याच्या गाडीच्या निमित्ताने या विषयात थोडे डोकावलो आणि एक गोष्ट पक्की ध्यानात आली. गाडी मळल्यामुळे जेवढी बिघडते, त्याहून कितीतरी जास्त ती पुसल्यामुळे बिघडते.

हा भाचा पुण्यात राहतो आणि हिंजवडीला नोकरी करतो. त्याच्याकडे एक सेकंडहँड ऑडी टीटी आहे. गडद निळी, दोन दारांची, जमिनीलगत बसलेली. अशा गाड्या लोक रविवारी बाहेर काढतात आणि बाकीचे सहा दिवस झाकून ठेवतात. हा मात्र रोज तिनेच कामावर जातो. मी एकदा विचारले, तर म्हणाला, ‘‘मामू, नुसती बघायचीच असती तर तिचा फोटो विकत घेतला असता.’’ मला हे पटले. वस्तू वापरण्यासाठी असते. पण रोज वापरायची आणि तिचा रंगही राखायचा, हे दोन्ही साधायचे तर काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

स्पोर्ट्‌स कारचे दुखणे साध्या गाडीपेक्षा थोडे वेगळे असते. ती बुटकी असते, त्यामुळे पुढच्या गाडीने उडवलेली खडी थेट तिच्या नाकावर येते. तिचे टायर रुंद असतात. ते रस्त्यावरची वाळू उचलून स्वतःच्याच अंगावर, दारांच्या खालच्या भागावर आणि मागच्या चाकांवरच्या फुगीर पत्र्यावर मारतात. तिचे ब्रेक मोठे असतात. त्यांतून निघणारी काळी भुकटी चाकांवर बसते. या भुकटीत लोखंडाचे बारीक कण असतात. ते दमटपणात गंजतात आणि चाकाच्या रंगाला चिकटून बसतात.

आता हा रंग म्हणजे काय, ते पाहू. आपल्याला दिसतो तो एकच थर, पण असतात तीन-चार. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. या लॅकरला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. सगळ्या थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातले ४०-५० मायक्रॉन वरच्या लॅकरच्या वाट्याला येतात. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सारी झळाळी एका केसाहूनही पातळ पापुद्र्यावर उभी आहे. ऊन, पाऊस आणि आपले फडके या सगळ्यांशी सामना त्या पापुद्र्यालाच करायचा असतो.

रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूचा कण काचेलाही ओरखडा काढतो. मग लॅकरची काय कथा? सकाळी गाडीवर कोरडी धूळ बसलेली असते. आपण तिच्यावर फडके किंवा पिसांचा झाडू फिरवतो. धूळ जाते, पण जाता जाता तिचा प्रत्येक कण आपल्या हाताच्या दाबाखाली पत्र्यावरून घासला जातो. आपण गाडी पुसत नसतो, अगदी बारीक पॉलिश पेपर मारत असतो. एका दिवसात काही दिसत नाही. वर्षभराने उन्हात उभी असलेली काळी किंवा गडद गाडी नीट बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील.

या वर्तुळांची एक गंमत आहे. लोकांना वाटते, गोल गोल पुसल्यामुळे ती गोल उमटली. तसे नसते. ओरखडे सर्व दिशांना, आडवेतिडवे पडलेले असतात. पण प्रकाशाच्या वाटेत आडवे येणारेच तेवढे चमकतात. म्हणून जिथे दिवा किंवा सूर्य दिसतो, तिथे त्याच्याभोवती वर्तुळ दिसते. तुम्ही दोन पावले सरकलात की वर्तुळही सरकते. आपण जागा बदलली की दुसऱ्या जखमा दिसू लागतात. कवीला यावरून बरेच काही सुचू शकेल, पण आज विषय गाडीचा आहे.

तर पहिला नियम असा की कोरड्या गाडीला हात लावायचा नाही. आधी नुसत्या पाण्याने, वरून खाली, सगळी सुटी धूळ वाहून जाऊ द्यायची. उच्च दाबाचा पंप असेल तर उत्तम. फक्त त्याचे तोंड पत्र्यापासून फूट-दीड फूट लांब ठेवावे, आणि जिथे खडीने रंगाचा टवका उडाला आहे तिथे धार रोखू नये, नाहीतर आजूबाजूचा रंगही सुटू लागतो. गाडी सावलीत हवी आणि बॉनेट हाताला गार लागले पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि त्याचेच डाग पडतात.

दुसरा नियम दोन बादल्यांचा. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत नुसते पाणी. साबणाच्या पाण्यात हातमोजा बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग तो मोजा साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती काढायची आणि त्यानंतरच पुन्हा साबणात बुडवायचा. एकाच बादलीने काम केले तर टपावरची धूळ आपण दाराला चोळतो. बादलीच्या तळाशी प्लॅस्टिकची जाळी ठेवली की माती खाली बसते आणि मोज्याला परत लागत नाही. मोजा मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा असावा. त्याच्या लांब तंतूंमध्ये कण आत ओढला जातो. स्पंजाच्या सपाट तळाशी तो तसाच अडकून घासत राहतो. हात सरळ रेषेत आणि हलका चालवावा. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा चिखलाचा भाग, असा क्रम ठेवावा. चाकांसाठी बादली आणि ब्रश वेगळे. ब्रेकच्या भुकटीचा पहिला फडका चुकून बॉनेटला लागला, तर पुढच्या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरले म्हणून समजा.

साबण कुठला? गाडीसाठी मिळणारा, आम्ल-अल्कलीच्या मधला सौम्य शाम्पू. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, भांड्यांचा साबण चिकट तूप काढण्यासाठी केलेला असतो. तो पत्र्यावरचे मेणही तितक्याच तत्परतेने काढतो. काही लोक डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने गाडी चमकवतात. ती चमक तेलाची असते. तासाभरात त्या तेलावर धूळ चिकटते आणि दारांची रबरे हळूहळू खराब होतात ती वेगळीच.

धुण्याइतकेच वाळवणे महत्त्वाचे. आपल्याकडे बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षाराचा पांढरा गोल मागे राहतो. तो फार दिवस राहिला तर लॅकरमध्ये रुतून बसतो. म्हणून मोठ्या, मऊ मायक्रोफायबरच्या टॉवेलने पाणी टिपून घ्यावे, घासू नये. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरती त्याला सुटी द्यावी. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत आणखी एक काम उरते. ओल्या डिस्कवर रात्रीत लालसर गंज धरतो. तेव्हा धुऊन झाल्यावर गाडी थोडी फिरवून, ब्रेक हलके दाबून वाळवून आणावी.

काही गोष्टी मात्र रविवारची वाट पाहत नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते. उन्हात लॅकर मऊ पडते आणि तो डाग त्यात छाप उमटवतो. चिरडलेले किडे आणि झाडाचा चीकही त्याच जातीचे. अशा डागावर ओला मऊ कपडा पाच-दहा मिनिटे ठेवावा, डाग भिजू द्यावा आणि मग अलगद उचलावा. नखाने खरवडणे म्हणजे डागाच्या जागी ओरखडा घेणे. धुळीने भरलेल्या गाडीवर कापडी आच्छादन घालू नये हेही इथेच सांगतो; वाऱ्याने ते कापड हलते आणि रात्रभर पॉलिश पेपर चालू राहतो. आणि पाऊस म्हणजे धुणे नव्हे. पावसाचे थेंब वाळले की त्यांतली धूळ तिथेच बसते.

धुतल्यावर संरक्षण. जुना उपाय मेणाचा. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नोबा नावाचा ताड वाढतो. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपल्या पानांवर मेण धरतो. तेच मेण आपण गाडीला लावतो. ताडाने उन्हाशी केलेला करार आपल्या कामी येतो. हल्ली सिरॅमिक कोटिंगचा बोलबाला आहे. ते सिलिकाच्या रसायनांपासून केलेले असते, मेणापेक्षा खूप जास्त टिकते आणि त्यावर पाणी व घाण लवकर ठरत नाही. पण त्याने गाडी धुण्यातून सुटका होत नाही आणि खडीचा मारही अडत नाही. खडीसाठी पुढच्या भागावर पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लावतात. ती महाग असते, पण रोज हायवेवर जाणाऱ्या बुटक्या गाडीला तिचा उपयोग होतो.

आणि ओरखडे पडलेच तर? पॉलिश करता येते. पण पॉलिश ओरखडा भरत नाही, त्याच्या भोवतीचे लॅकर त्या खोलीपर्यंत खरवडून काढते. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. कवितेच्या वहीत खाडाखोड करून कागद पातळ होतो, तसेच हे. एक-दोनदा ठीक, दर दिवाळीला केले, तर एक दिवस खालचा रंग उघडा पडतो.

आता खरा अवघड प्रश्न. आपल्याकडे मालक स्वतः गाडी कुठे धुतो? पहाटे सोसायटीत एक मुलगा येतो. एक बादली, एक फडके आणि वीस-पंचवीस गाड्या. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. भाच्याला हे कळले तेव्हा त्याने ठरवले, की या मुलाला उद्यापासून नको म्हणायचे. माझी बहीण मध्ये पडली. ‘‘फडकं खराब आहे ना? मग फडकं बदल. पोराची रोजी कशाला बदलतोस?’’ असे तिने विचारले.

मग भाच्याने त्याला दोन बादल्या, जाळी, मोजा आणि टॉवेल आणून दिले. रोज पुसायचे नाही, आठवड्यातून दोनदा धुवायची, पैसे पूर्वीइतकेच. एरवी हलकी धूळ असेल तर न विसळता धुण्याचे द्रव मिळते. आठ-दहा लिटर पाण्यात ते घालायचे, त्यात भिजवलेल्या टॉवेलच्या घड्या करायच्या आणि प्रत्येक भागाला नवी घडी वापरायची. मुलगा हुशार निघाला. टपासाठी निळा टॉवेल, खालच्या भागासाठी पिवळा आणि चाकांसाठी लाल, ही वाटणी त्यानेच केली. आता सोसायटीतल्या आणखी काही गाड्या तो याच पद्धतीने धुतो आणि त्याचे चार पैसे जास्त घेतो.

यात पाण्याचाही हिशेब आहे. उघडी नळी मिनिटाला सहज १०-१२ लिटर सांडते; पंधरा मिनिटांत दीडशे लिटर गेले. दोन बादल्यांत, वरून थोडे पाणी धरूनही, त्याच्या निम्म्याहून कमी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवावा लागला. आम्हाला लहानपणी वजू करायला शिकवताना वडीलधारे बजावत, की वाहत्या नदीच्या काठी बसला असलात तरी पाणी जास्त सांडू नका. अंग धुताना जो हात आखडायचा, तो गाडी धुताना मोकळा सोडायचे काहीच कारण नाही.

तुमच्याकडे स्पोर्ट्‌स कार नसेल. माझ्याकडेही नाही. पण ऑल्टो असो की ऑडी, वरचे लॅकर सारखेच पातळ असते आणि रस्त्यावरची वाळू दोघींना सारखीच कडक. उद्या सकाळी तुमची गाडी पुसणाऱ्या मुलाच्या बादलीत एकदा डोकावून बघा. पाणी मातकट दिसले तर त्याला रागावू नका. त्याला दुसरी बादली आणून द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)