दादरमार्गे जाणारी क्वेरी

८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तोवर अंधेरीहून घाटकोपरला लोकलने जायचं तर आधी दादर गाठायचं, पूल चढायचा आणि सेंट्रलची गाडी धरायची. आजही कुणाच्या डोक्यात तोच जुना नकाशा असेल तर तो माणूस घाटकोपरला पोहोचेल, पण दादरमार्गे. डेटाबेसची आकडेवारी शिळी झाली की क्वेरीचं हेच होतं. उत्तर बरोबर येतं, म्हणून दोष कुणाच्या नजरेत भरत नाही. फक्त लांबची वाट निवडली जाते, आणि दोन सेकंदांचा रिपोर्ट वीस मिनिटं फिरत राहतो.

ही वाट निवडतो तो क्वेरी प्लॅनर. क्वेरी आली की तो सगळा डेटा वाचायला बसत नाही. कुठल्या रकान्यात किती वेगवेगळी मूल्यं आहेत, कोणती वारंवार येतात, याच्या आधी करून ठेवलेल्या नोंदीवरून तो अंदाज बांधतो. सीप्झ आणि अंधेरी एमआयडीसीच्या पट्ट्यात रोज डेटाबेसवर काम करणारे कितीतरी जण आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसवर महिन्यामहिन्याची पार्टिशन्स, म्हणजे तुकडे, पाडलेलं टेबल सांभाळणाऱ्यांशी बोललं की या नोंदीबद्दल काही समजुती पुन्हा पुन्हा कानावर येतात.

सगळ्यात पक्की समजूत : ‘ऑटोव्हॅक्यूम चालू आहे, म्हणजे आकडेवारी आपोआप ताजी राहते.’ ऑटोव्हॅक्यूम म्हणजे पोस्टग्रेसची पार्श्वभूमीला चालणारी देखभाल, आणि अ‍ॅनलाइझ म्हणजे ही नोंद नव्याने घेणारी आज्ञा. पार्टिशनपुरती ही समजूत खरी आहे. एखाद्या टेबलात शेवटच्या अ‍ॅनलाइझनंतर किती ओळी बदलल्या याची मोजदाद ठेवली जाते. मूळ सेटिंगप्रमाणे तो आकडा ५० अधिक एकूण ओळींच्या १० टक्क्यांपलीकडे गेला की ऑटोव्हॅक्यूम त्या टेबलावर अ‍ॅनलाइझ चालवतो. म्हणजे ५० लाख ओळींच्या पार्टिशनला ५ लाख ५० बदलांनंतर पाळी येते. पण पेरेंट टेबलात, म्हणजे ही पार्टिशन्स ज्याच्या पोटात असतात त्या मुख्य टेबलात, स्वतःची एकही ओळ नसते. सगळ्या ओळी पार्टिशन्समध्ये जाऊन बसतात, बदलही त्यांच्याच खात्यावर मांडले जातात. त्यामुळे पेरेंटची पाळी कधीच येत नाही, पाच वर्षं गेली तरी. हा काही लपलेला दोष नव्हे, पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२१ मध्ये १४व्या आवृत्तीत ही उणीव भरून काढायचा प्रयत्न झाला, पण अंतिम प्रकाशनाआधी तो बदल मागे घेतला गेला. तेव्हा पेरेंटवर अ‍ॅनलाइझ चालवणं हे आजही माणसाचं काम आहे. स्वतः चालवा, नाहीतर ठरल्या वेळी आपोआप चालावं म्हणून क्रॉनमध्ये टाका.

यावर लगेच येणारा प्रतिवाद असा, की ‘पार्टिशन्सची आकडेवारी ताजी आहे ना, मग प्लॅनर तिचीच बेरीज करेल.’ ओळींची बेरीज तो करतोच. जूनचा डेटा मागितला तर जूनच्याच पार्टिशनची नोंद वापरतो, आणि तिथे खरोखर काही बिघडत नाही. घोळ होतो तो ज्यांची बेरीज करता येत नाही अशा आकड्यांत. समजा, घरपोच पार्सल पोहोचवणाऱ्या एका कंपनीच्या टेबलाची बारा मासिक पार्टिशन्स आहेत आणि प्रत्येकात ४० हजार वेगवेगळे ग्राहक. वर्षाचे ग्राहक किती? दर महिन्याला तेच लोक मागवत असतील तर ४० हजार. दर महिन्याला नवे असतील तर ४ लाख ८० हजार. बारा नोंदी शेजारी शेजारी मांडल्या तरी याचं उत्तर निघत नाही. त्यासाठी सगळ्या पार्टिशन्समधून एकत्र नमुना घ्यावा लागतो, आणि तो घेतला जातो पेरेंटच्या अ‍ॅनलाइझमध्येच. तशी नोंदच नसेल तर प्लॅनर वेगवेगळ्या मूल्यांची संख्या सरसकट २०० धरून चालतो. ग्राहकवार गट पाडणाऱ्या क्वेरीसाठी मग २०० गटांच्या हिशेबाने बेत ठरतो आणि समोर लाखो गट येतात. दोन टेबलांच्या जोडण्यांचे (जॉइन) अंदाजही असेच कोसळतात.

जोडणी पार्टिशनगणिक करायची सोय ११व्या आवृत्तीत, २०१८ मध्ये आली. तिच्या प्रकाशन टिपणात मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल असं नाव आहे : आशुतोष बापट. ही सोय मुळात बंद असते, चालू करावी लागते. ती चालू केली म्हणून पेरेंटच्या नोंदीची गरज मात्र संपत नाही.

‘अ‍ॅनलाइझ चालवलं तर टेबल अडून बसेल’ ही भीती फुकाची आहे. ते चालू असताना वाचणं-लिहिणं सुरू राहतं. सगळ्या ओळीही वाचल्या जात नाहीत, नेहमीच्या सेटिंगवर नमुना ३० हजार ओळींचा असतो. मात्र भीतीत एक खरी गोष्ट दडलेली आहे. पेरेंटवर अ‍ॅनलाइझ दिलं की ते प्रत्येक पार्टिशनवरही नव्याने चालतं. साठ पार्टिशन्स असतील तर पेरेंटच्या नमुन्यावर आणखी १८ लाख ओळी, तेही पार्टिशन्सच्या नोंदी आधीच ताज्या असताना. २०२५च्या १८व्या आवृत्तीत ‘ओन्ली’ हा शब्द जोडून फक्त पेरेंटची नोंद घेता येते. मोठी टेबलं असणाऱ्यांनी एवढ्यासाठीसुद्धा या आवृत्तीचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

एक्सप्लेन अ‍ॅनलाइझमुळे आकडेवारी ताजी होते, हा निव्वळ नावाचा घोटाळा. ती आज्ञा क्वेरी खरोखर चालवून वेळ मोजते, नोंदीला हात लावत नाही. डिलीटच्या क्वेरीवर दिलीत तर ओळी खरोखर उडतात.

नोंद ताजी असूनही अंदाज चुकतो, त्याचं एक कारण उपनगरात राहणाऱ्याला चटकन कळेल. ४०००८० म्हणजे मुलुंड पश्चिम. पिनकोड लिहिला की उपनगर ठरलंच. पण प्लॅनर दोन रकाने एकमेकांपासून स्वतंत्र मानतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांचे उदाहरणापुरते दोन-दोन पिनकोड धरू आणि पार्सलं सगळीकडे सारखी मानू. ‘मुलुंड आणि ४०००८०’ असं विचारलं तर तो चतुर्थांश गुणिले अष्टमांश करून बत्तिसाव्या हिश्शावर येतो. खरा हिस्सा आठवा, म्हणजे चौपट. ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने हे नातं त्याला सांगता येतं. पण पेरेंटवर सांगितलेलं नातं पार्टिशन्सकडे उतरत नाही. अशा शोधासाठी ते प्रत्येक पार्टिशनवर वेगळं सांगावं लागतं, आणि त्यानंतर अ‍ॅनलाइझ होईपर्यंत ते नुसतं नावापुरतं असतं.

तुमच्याकडे काय स्थिती आहे हे पाहायला मिनिटभर पुरतं. ‘पीजी_स्टॅट्स’ या व्ह्यूमध्ये ‘इनहेरिटेड’ नावाचा रकाना आहे. तुमच्या पेरेंट टेबलासाठी तिथे ‘ट्रू’ असलेली एकही ओळ दिसली नाही, तर त्या टेबलाची एकत्रित नोंद आजवर झालेलीच नाही. पहिलं अ‍ॅनलाइझ आज रात्री, शेवटची लोकल गेल्यावर चालवा. पुढे नवं पार्टिशन जोडल्यावर, जुनं काढल्यावर आणि दिवाळीसारख्या हंगामात डेटाचा तोंडवळा पालटला की पुन्हा.